रुमालाखालच्या घंटा

“समजा, ताई बरी झालीच नाही, तर तिच्या घंटा कुणाला मिळणार?”

भिंगरीने हा प्रश्न विचारला तेव्हा सरावाच्या खोलीत सगळ्यांचे दोन्ही हात हवेत होते आणि दोन्ही हातांत घंटा होत्या. त्यामुळे झालं असं, की कुणालाच तोंडावर हात ठेवता येईना. नुसते डोळे मोठे झाले. टोकाला उभ्या असलेल्या एका काकूंच्या हातातली घंटा तर आपली आपणच टण्णकन वाजली, जणू तिलाही राहवलं नाही.

प्रश्न भिंगरीच्या तोंडचा, पण पैज मैत्रिणींची. लंबू आणि चष्मिस दोघी तिच्याच वर्गातल्या, तिच्याच चर्चच्या मंडळीतल्या, आणि घंटा वाजवणाऱ्यांतल्याही. मधल्या सुट्टीत लंबू म्हणाली होती, तू वर्गात वाघ आणि दाढमास्तरांसमोर शेळी. चष्मिसने त्यावर हळूच मीठ चोळलं, की जाऊ दे गं, मनातलं विचारायला जे काळीज लागतं ते सगळ्यांना कुठून असणार. विचारलंस तर वर्षभर तळघरातून घंटांच्या पेट्या मी एकटी वर आणीन, असं लंबूने कबूल केलं. भिंगरीला ‘हिंमत असेल तर’ एवढं म्हटलं तरी तिच्या अंगात वारं शिरायचं. अलीकडे तर फारच. शाळेच्या वादविवादात तिने वरच्या वर्गातल्या एका पोपटपंची करणाऱ्या मुलाची बोलती बंद केली होती, आणि तेव्हापासून आपला आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो हे तिला कळलं होतं. कळलेली गोष्ट वापरली नाही तर ती भिंगरी कसली.

दाढमास्तर म्हणजे पेशाने दातांचे डॉक्टर आणि शनिवारी संध्याकाळी घंटांचे मास्तर. गाण्यात अवघड जागा आली की सवयीने म्हणायचे, “थोडं दुखेल हं, लगेच संपेल.” आता त्यांनी ताल द्यायची पेन्सिल खाली केली, हिची अक्कलदाढ उगवायच्या आधीच उपटावी की काय अशा नजरेने भिंगरीकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “त्या तिच्याच आहेत, बाळ. तू पान उलट.”

मास्तरांच्या वहीचं पान उलटणं हेच तर भिंगरीचं काम होतं. आणि तेच तर तिचं दुखणं होतं.

या हातघंटांची रीत अशी. एक लांबच्या लांब टेबल, त्यावर जाड गादी, गादीवर ओळीने मांडलेल्या पितळी घंटा, भोपळ्याएवढ्या थोरलीपासून लिंबाएवढ्या धाकटीपर्यंत. एका माणसाच्या वाट्याला दोनच घंटा, म्हणजे दोनच सूर. आपला सूर आला की मनगट झटकायचं, नाही आला की गुपचूप उभं राहायचं. हातात पांढरे हातमोजे, कारण उघड्या बोटाचा घाम पितळेला लागला की डाग पडतो आणि तो डाग पाहुण्यासारखा जायचं नाव घेत नाही. ताईच्या घंटा लिंबांच्या बाजूच्या. गाणं पायरी पायरीने चढत वर गेलं की अगदी माथ्यावरचे दोन सूर ताईचे. भिंगरी होती राखीव. तिला सगळ्यांचे सगळे सूर पाठ होते आणि वाजवायला एकही नव्हता.

बरं, कुणी आजारी पडलं तर राखीव माणसाला संधी मिळावी की नाही? जगात सगळीकडे मिळते. पण या मंडळीची रीत निराळी. आजाऱ्याच्या घंटा दुसऱ्याने उचलायच्या नाहीत. त्यांवर पांढरा रुमाल झाकायचा, आणि गाण्यात त्यांचा सूर आला की तिथे सगळ्यांनी गप्प राहायचं. म्हणजे, आम्ही तुझी वाट पाहतोय. ही रीत पडली एका म्हाताऱ्या सुतारकाकांमुळे. ते शिडीवरून पडले, खुबा मोडला, आणि मंडळीने त्यांचे सूर रिकामे ठेवले. हाड जुळल्यावर काका काठी टेकत आले, रुमाल स्वतःच्या हाताने उचलला, आणि म्हणे त्या दिवशी दाढमास्तरांसकट सगळे रडले. तेव्हापासून रुमाल म्हणजे मंडळीचा विश्वास. एवढंच, की मोडलेलं हाड कधी जुळेल हे डॉक्टर सांगू शकतो. ताईचं मोडलेलं कुणाला दिसत नव्हतं.

ताई बालवाडीत शिकवायची. एका सकाळी ती बुटाची नाडी बांधायला वाकली आणि तशीच बसून राहिली. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाली, नाडी कशासाठी बांधायची ते आठवत नाही. मग आंघोळ, जेवण, बोलणं, एकेक करून सगळ्याच नाड्या सुटल्या. डॉक्टरांनी नैराश्य आहे म्हणून सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. आई औषधाच्या दुकानात काउंटरला असते. त्याच गोळ्या ती परक्या माणसांना कपाळावर आठी न आणता देत आली होती, पण स्वतःच्या लेकीला देताना तिने पाकीट उगाचच उलटसुलट करून वाचलं. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. वर जायचं यंत्र अडकलं तर कुठला तरी एक खिळा, एक तार, एक बटण, काहीतरी सापडतंच, असा त्यांचा अनुभव. ताईच्या बाबतीत त्यांना बटण सापडेना, म्हणून ते प्रार्थना करायचे. आमच्याकडे औषधाचं आणि प्रार्थनेचं भांडण नाही, असं आई सगळ्यांना सांगायची, आणि ते खरंच होतं. भांडण होतं ते भिंगरीचं, दोघांशीही.

ताई बरी होती तेव्हा गुणी म्हणून सगळ्यांच्या तोंडी. आजारी पडली, तर आजारी म्हणून. या बाईला मागे पडणं म्हणून माहीतच नाही, असं भिंगरीला वाटायचं. दर रविवारी पाळकसाहेब वेदीपुढे ताईचं नाव घेत आणि अख्खी मंडळी डोळे मिटून ‘आमेन’ म्हणे. घरी डबे येत. ताई ते खायची नाही, भिंगरी खायची, आणि खाऊनही तिच्या पोटात दुखायचं ते दुखायचंच. तिला स्वतःला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा याच मंडळीने काय केलं होतं? जरा लांब बसा म्हणाली होती. पाळकसाहेब हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगायला लागले की सगळ्यांचे डोळे त्या एका मेंढरासाठी पाणवायचे. भिंगरीला उरलेल्या नव्याण्णवांचा कळवळा यायचा. शहाण्यासारखी जागेवर उभी राहिली बिचारी. त्यांना कुणी विचारलं का, बाळांनो, तुम्ही जेवलात?

तीही रोज प्रार्थना करायची, नाही असं नाही. पण खोटं बोललेलं देवाला कळतं, म्हणून खरं तेच मागायची. प्रभू, ताईला बरं कर, पण त्याआधी एकदा तरी मला वाजवू दे, मग लगेच कर.

आणि आता वेळ उरला नव्हता. या रविवारी मंडळीच्या वर्धापनदिनाची उपासना होती. त्या दिवशी ताई येईल, स्वतःच्या हाताने रुमाल उचलेल, हा आमचा विश्वास आहे, असं पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगून टाकलं होतं. मंडळी केवढ्या मोठ्याने आमेन म्हणाली. ताईला तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

भिंगरी सरावाहून घरी पोचायच्या आधी तिचा प्रश्न घरी पोचला होता. टण्णकन घंटा वाजवणाऱ्या काकूंचा फोन येऊन गेला होता. आई भांडी पुसत होती, म्हणजे तेच ते ताट पुन्हा पुन्हा पुसत होती. “तुझ्या जिभेला काही हाड?” एवढंच ती म्हणाली, पण ते तिने ताटाकडे बघून म्हटलं, आणि भिंगरीला ओरडा खाल्ल्यापेक्षा ते जास्त लागलं. जेवणाआधीच्या प्रार्थनेत बाबांनी नेहमीच्या वाक्यांना आणखी एक जोडलं, की प्रभू, आमच्या मुखांना विचार करून उघडायला शिकव. मुखांना, असं ते सगळ्यांना धरून म्हणाले, पण घरात उघडं मुख एकच होतं.

दोघी बहिणींची खोली एक. एका भिंतीला ताईची खाट, दुसऱ्या भिंतीला भिंगरीची, मध्ये खिडकी. भिंगरी पाय आपटत खोलीत गेली तेव्हा ताई नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने विचारलं, “खरंच विचारलंस?”

विचारलं, भिंगरी म्हणाली. पैज होती. आणि पैज नसती तरी कधी ना कधी विचारलंच असतं. दे आता तूही मुका मार, आईसारखा.

ताईची पाठ हलायला लागली. भिंगरीला वाटलं रडतेय. मग आवाज आला. बरेच दिवस न उघडलेल्या दाराची कडी निघावी तसा कुरकुरत आला, पण ते हसणं होतं. कुणाला मिळणार म्हणे, ताई हसत हसत उशीत म्हणाली, एवढे दिवस कुणीच विचारलं नाही बघ. ते ऐकून दारात आई आली, ताट हातात, तोंड उघडं. आई भिंगरीकडे बघेचना; ती ताईच्या हसण्याकडे बघत होती, कित्येक वर्षांनी परत आलेल्या माणसाकडे बघावं तशी.  घ्या. ओरडा मी खाल्ला, पैज मी मारली, आणि माझं पापसुद्धा हिच्याच कामी आलं.

आई डोळे पुसत गेल्यावर ताई उठून बसली. “घेऊन टाक त्या,” ती म्हणाली.

भिंगरीला आधी कळलंच नाही.

मग ताई बोलली, थांबत थांबत, एकेक शब्द जिना चढून आणावा तशी. चर्च मागच्या गल्लीत, खिडकी लावून घेतली तरी घंटा ऐकू यायच्या हे भिंगरीलाही ठाऊक होतं. ताई दर रविवारी इथे पडून ऐकायची. गाणं वर वर चढत जायचं, आणि माथ्यावर पोचलं की काहीच नाही. लिफ्ट वरच्या मजल्यावर यावी, दार उघडावं आणि समोर मजलाच नसावा, तसं. बाकीच्यांना तिथे प्रेम ऐकू येत असेल.

“तुम्हाला गाणं ऐकू येतं,” ती म्हणाली. “मला ती भोकं ऐकू येतात. दर रविवारी अख्खी मंडळी माझा आजार वाजवते.”

मग आता तुझा विश्वास नाही का, भिंगरीने विचारलं. हा प्रश्न मात्र कुणी पैज लावून विचारायला सांगितला नव्हता.

“देवावर आहे गं. तोही वाट बघतो, पण तो घड्याळ बघत नाही. माणसं बघतात.” मग ती म्हणाली, “तुला त्या हव्यात. निदान तू तरी खरं बोलतेस. घे.”

आता कुणीही म्हणेल की भिंगरीने उडी मारली असेल. इतके महिने ती जेवणाच्या टेबलावर चमच्यांनी ते दोन सूर वाजवत होती. पण तिला झालं उलटंच. जे जिंकून मिळवायचं होतं, ते ताईने बसल्या बसल्या, उशाशी कोमट झालेला पाण्याचा पेला पुढे करावा तसं पुढे केलं होतं. म्हणजे देणारीही हीच, मोठ्या मनाचीही हीच. भिंगरी म्हणाली, “मला तुझं उष्टं नको.”

 ताई पुन्हा भिंतीकडे वळली.

इस्त्री केलेला निळा ड्रेस घेऊन आई आत आली होती, तिच्या कानावर शेवटचं पडलं असावं. तो ड्रेस तिने ताईच्या खाटेच्या कडेला टांगला, रविवारसाठी, आणि भिंगरीला बाहेर नेऊन दबक्या आवाजात म्हणाली की तू नाही म्हणालीस ते बरं केलंस. “एकदा जागा भरली की माणूस विसरलं जातं. ती जागा रिकामी आहे तोवर ती आपल्यात आहे.” बोलताना तिने भिंगरीचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला. आई एवढी घाबरलेली असते हे भिंगरीला पहिल्यांदाच दिसलं, आणि तिला तेही आवडलं नाही, कारण ही भीतीसुद्धा ताईसाठीच होती.

रविवारी ताई आली. निळा ड्रेस तिच्या अंगावर दुसऱ्याचा असावा तसा ढगळ झाला होता. बाबांनी तिला हात धरून आणलं आणि ती शेवटच्या बाकावर, कडेला बसली. तिथपर्यंत पोचेस्तोवर तिच्या डोक्यावरून इतके हात फिरले की केस विस्कटले. एक आजी कानात म्हणाली, तू येणार हे आम्ही मागूनच घेतलं होतं. सुतारकाकांनी आपली काठी हवेत हलवून दाखवली.

भिंगरी टेबलाच्या टोकाला, दाढमास्तरांच्या शेजारी उभी होती. तिथून तिला सगळी मंडळी समोरून दिसत होती. पाळकसाहेब म्हणाले, ये बाळा, आणि सगळी डोकी एकदम मागे वळली, सूर्यफुलांच्या वाफ्यासारखी. एका वेळी एवढे डोळे. भिंगरीच्या पोटात असा काही जाळ उठला की तिला वाटलं हातातली वही पेटेल. वादविवादात बक्षीस घेतलं तेव्हासुद्धा निम्मे लोक घड्याळ बघत होते.

मग त्या सगळ्या माना जिकडे वळल्या होत्या तिकडे तिनेही पाहिलं. ताईने पुढच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली होती. बोटं पांढरीफटक. बाबा सांगतात, लिफ्ट अडकली की आतली माणसं असंच कशाला तरी धरतात, भिंतीला, दाराला, जे धरून काही उपयोग नाही त्याला. ताई उठली नाही. पाळकसाहेब म्हणाले, आम्ही थांबू. आणि मंडळी थांबली.  त्या नजरा प्रेमाच्याच होत्या, आणि तिथेच तर सगळं अडलं होतं. रागाच्या असत्या तर ताईला निदान उलट बघता आलं असतं.

शेवटी दाढमास्तरांनी नाइलाजाने पेन्सिल उचलली. थोडं दुखेल, असं ते या वेळी म्हणाले नाहीत. घंटा सुरू झाल्या. खालून चष्मिसचा जाड सूर, मग लंबूचा, मग काकूंचा, गाणं पायरी पायरीने चढलं, माथ्यावर पोचलं आणि गप्प. रुमाल तसाच. सगळ्या माना पुन्हा मागे वळल्या. ताईने डोकं खाली घातलं, कुणी टपली मारल्यासारखं. गाणं उतरलं आणि पुन्हा चढायला लागलं.

भिंगरीच्या मनात तेव्हा काय होतं हे तिने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. दया होती म्हणावं, तर नव्हती. होता तो संतापच. जे मिळावं म्हणून मी कांजिण्यांपासून धडपडतेय, ते हिला नको असताना बसल्या जागी मिळतंय. आणि वर हिचा त्याने जीव चाललाय. म्हणजे हे कुणाच्याच कामाचं नाही. मग ठेवायचं कशाला?

गाणं माथ्याला पोचायच्या आत तिने वही टेबलावर टाकली, चार ढांगांत टेबलाच्या पलीकडे गेली आणि रुमाल ओढला. हातमोजे नव्हते. घंटा गार होत्या, आणि वाटल्या होत्या त्यापेक्षा जड. पहिला सूर अगदी वेळेवर लागला. दुसराही. मागे दाढमास्तरांचं पान उलटायला कुणी उरलं नव्हतं, तर त्यांनी पेन्सिल दातांत धरून ते स्वतः उलटलं आणि दातांत पेन्सिल असतानाच मानेने ताल देत राहिले. लंबूला हसू आवरेना. गाणं तिसऱ्यांदा चढलं आणि शेवटचा सूर भिंगरीने असा झटकला की खिडकीच्या काचा झणझणल्या.

कुणी आमेन म्हणालं नाही. सगळे डोळे आता भिंगरीवर होते. ते मऊ नव्हते, मुळीच नव्हते. पण खरं सांगायचं तर तिला तेही आवडले.

मागच्या बाकावर ताईचे हात मात्र मांडीवर आले होते. उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत ती बसली. तिच्याकडे पाहायचं मंडळीच्या लक्षातच राहिलं नाही, कारण भिंगरीकडे रागाने बघायचं काम सगळ्यांना पुरून उरलं होतं. दारात पाळकसाहेबांनी भिंगरीचा हात हातात घेऊन म्हटलं, विश्वासात घाई करू नये. भिंगरी म्हणाली, “तारीख तुम्ही दिली होती, साहेब.” पाळकसाहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. हात मात्र त्यांनी लगेच सोडला नाही. ते भले गृहस्थ आहेत.

घरी सगळे जेवायला बसले. आईने वाढलं ते सगळ्यांना वाढलं, पण भिंगरीच्या ताटात पडताना डाव जरा जोरात वाजला. बाबा ताटातल्या एकाच दाण्याकडे लक्ष देऊन होते. ताई टेबलावर आली होती, तीच नवलाई. ती घास चिवडत होती. मग तिने मान वर केली आणि भिंगरीकडे पाहिलं.

“शेवटचा सूर ठोकलास,” ती म्हणाली. “तो ठोकायचा नसतो. हात वर नेऊन सोडून द्यायचा असतो.”

वाजला ना पण, भिंगरी म्हणाली.

“वाजला काय. काचा फुटल्या असत्या. आणि हातमोजे कुठे होते तुझे? बोटांचे डाग पडले असतील माझ्या घंटांवर.”

माझ्या. भिंगरीने ताईच्या डोळ्यांत नीट पाहिलं. तिथे काहीतरी होतं, राखेत एखादी ठिणगी दिसावी एवढंच, पण होतं. आईला ते कळलं नाही, ती फक्त ताई बोलली म्हणून हरखली होती. बाबांना कळायचा प्रश्नच नव्हता. भिंगरीला मात्र क्षणात कळलं, कारण त्या विषयात तिच्याइतका अभ्यास घरात कुणाचाच नव्हता. ताई जळत होती. इतके महिने जिला खायला नको, बोलायला नको, नाडी बांधायला नको, तिला एक गोष्ट हवी होती, आणि ती भिंगरीकडे होती.  आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यावर जळत होतं, आणि तेही कोण, तर ताई.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. ताई अर्धं ताट टाकून उठली, आईने हातावर ठेवलेली गोळी तिने घेतली आणि खोलीत जाऊन पडली. दार उघडं होतं, तिची पाठ दिसत होती, तोंड भिंतीकडेच होतं. पण खिडकी तिने आज बंद केली नव्हती.

आईने मग बोलायला सुरुवात केली. झालं ते झालं, ती म्हणाली, वय वेडं असतं. उद्या शाळेतून येताना दाढमास्तरांच्या दवाखान्यात जा, माफी माग, मग चर्चमध्ये जाऊन घंटा पूस आणि रुमाल होता तसा झाकून ये. आपण तिची जागा राखायची असते, खायची नसते. बाबांनी मान हलवली. आणि पुढे आई जे म्हणाली ते तिने भिंगरीकडे न बघता म्हटलं, की जागाच उरली नाही तर ती परत यायची कशाला.

भिंगरीने पाणी प्यायलं, पेला खाली ठेवला आणि उभी राहिली. बसून बोलली असती तरी चाललं असतं, पण तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो आणि आज तिला तो खोलीतल्या खाटेपर्यंत पोचवायचा होता.

“माफी मागेन,” ती म्हणाली. “हातमोजे घातले नाहीत, त्याची. पण रुमाल झाकणार नाही. त्या घंटा आता मी वाजवणार, दर रविवारी. ताईसाठी सांभाळतेय असं कुणाला सांगू नका, कारण नाही सांभाळत. मला त्या हव्यात. तिला परत पाहिजे असतील तर तिने उठून यावं आणि माझ्या हातून हिसकावून घ्याव्यात. उद्या आली तरी चालेल, दहा वर्षांनी आली तरी चालेल. सहजासहजी देणार नाही एवढं नक्की. आणि तोवर प्रार्थनेत कुणाचं नाव घ्यायचंच असेल, तर माझं घ्या. माझा शेवटचा सूर जोरात येतो.”